सोमाची कॉफी

गेल्या ऑगस्टमध्ये भामरागडच्या पुढच्या एका गावात सोमा नावाचा शेतकरी तापाने मरण पावला. गावाबाहेरच्या नाल्याला पूर होता. त्याला खाटेवर घालून काठापर्यंत नेले, पण पलीकडे नेता आले नाही. त्याने घरामागे लावलेल्या कॉफीच्या झाडांना त्या वर्षी पहिल्यांदा फळ धरले होते.

फेब्रुवारीत मी भाड्याच्या जीपने ती कॉफी आणायला निघालो.

वृत्तपत्रातली नोकरी संपल्यावर मी स्वतःसाठी एकच चैनीची वस्तू घेतली होती: हाताने दांडा दाबून एस्प्रेसो काढायचे यंत्र. त्याला वीज लागत नाही. वर उकळते पाणी ओतायचे, दांडा सावकाश दाबायचा, खाली दाट कॉफी उतरते. यंत्र चंद्रपूरला घरपोच आले, पण बिया मिळेनात. दुकानांत चिकोरी मिसळलेली पूड होती. बाहेरून मागवलेल्या बिया शिळ्या निघाल्या. भामरागडला शिकवणारे वासुदेव गुरुजी माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांना फोन केला.

"इथी एका बाईच्या घरामागं कॉफी आहे," ते म्हणाले. "सोमाची बायको, रैनी. घेनारा कोनी नाई. तिचा दीर म्हनते, कोनी घेत नसंल तर झाडं तोडून मका लावतो. तुम्ही या, अन् मशीनच घेऊन या. पिऊन दाखवल्याशिवाय त्याले पटनार नाई."

आष्टी सोडल्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली. सागाच्या पानांवर तांबडी धूळ बसलेली होती. आलापल्लीला आलुबोंडा आणि तर्री (तिखट रस्सा) खाल्ली. पुढे जंगल दाट झाले. जीपचे चाक पंक्चर झाले, ते बदलेपर्यंत रस्त्यावर दुसरे वाहन आले नाही.

नाक्यावर पोलिसाने माझी पिशवी उघडली. लोखंडी दांडा आणि दाब दाखवणारा काटा पाहून तो दोन पावले मागे सरला.

"हे काय होय?"

"कॉफीचे यंत्र."

"एवढं लोखंड? काऊन, पावडर टाकून होत नाई का?"

"होते."

"मंग?" त्याने साहेबाला बोलावले. साहेबाने यंत्र उलटे केले, आत बोट घातले, वास घेतला. "जाऊ दे यायले," तो म्हणाला. "मोठे लोक. यायले चहा चालत नाई."

भामरागडला गुरुजी जीपमध्ये बसले. तो नाला आता कोरडा होता. जीप त्याच्या वाळूतून गेली. गुरुजींनी काठावरची एक जागा बोटाने दाखवली.

रैनी तिशीची असेल. आश्रमशाळेत शिकल्यामुळे ती मराठी बोलत होती. सोमा दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यात मजुरीला जात असे. तिथून त्याने रोपे आणली होती. झाडे मोहाच्या सावलीत होती, माणसाच्या खांद्याएवढी, पाने चकचकीत.

"पानी मी टाकलं," ती म्हणाली. "तो मळ्यात राहे तवा बी मीच टाको."

दीर कोपा ओसरीत बसून टोपली विणत होता. त्याने यंत्राकडे पाहिले. "बापरे. एका घोटासाठी?"

रैनीने कणगीच्या मागून बियांचे पोते आणले. मी मूठभर बिया हातावर घेतल्या. वाळलेली कॉफी हिरवट असते. या करड्या होत्या, काचेसारख्या टणक. दोन बोटांत दाबून पाहिल्या. फळे कशी वाळवली, ते विचारले.

"धानासारखीच," ती म्हणाली. "रातभर भिजवली, उकडली, मंग उन्हात टाकली."

या भागात उकडा (भिजवून उकडलेल्या धानाचा तांदूळ) खातात. उकडलेल्या धानाचा दाणा कांडताना फुटत नाही, टिकतोही जास्त. तिने कॉफीवरही तेवढीच मेहनत घेतली होती. सोमाने मळ्यात फळे वाळताना पाहिली होती. तिने पाहिली नव्हती.

मी चुलीवर कढई ठेवून बिया भाजल्या. त्या कुठे जळाल्या, कुठे पांढरट राहिल्या. हातदळणीत दळल्या, यंत्रात भरल्या, उकळते पाणी ओतले, दांडा दाबला. कपात तपकिरी पाणी आले. चव करपलेल्या पेजेची होती.

कोपाने टोपली खाली ठेवली. "कशी?"

"उकडल्यामुळे चव गेली आहे," मी म्हणालो. "झाडे चांगली आहेत. पुढच्या वर्षी नुसती उन्हात वाळवली तर चांगली होईल. हे पोते मी घेतो."

"हे पिशीन का तू?"

"नाही."

"मंग काऊन घेतं? वहिनीची कीव येते म्हनून?" तो गुरुजींकडे वळला. "गुरुजी, तुमीच म्हनलं होतं ना, यायले आवडली तर झाडं ठेव. विचारा, आवडली का."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी नाही म्हणालो.

"कोपा, एक साल थांब," गुरुजी म्हणाले.

"एक साल मका कुठी लावू? तुमच्या शाळेत?"

रैनीने माझ्या हातातला कप घेतला. उरलेली कॉफी ती प्यायली आणि तोंड वाकडे केले. "झाडायचा तर दोष नाई ना?" तिने विचारले.

"नाही."

"त्यानं लावली तशीच आहेत ना?"

"हो."

ती आत गेली. आम्ही निघालो तेव्हाही बाहेर आली नाही. पोते ओसरीतच राहिले.

परतताना नाक्यावर तोच पोलिस होता. त्याने पिशवी उघडली नाही. "मिळाली का कॉफी?" त्याने विचारले. गुरुजी भामरागडलाच उतरले होते, त्यामुळे उत्तर मला द्यावे लागले. चंद्रपूरला पोचल्यावर मी यंत्र धुऊन ठेवले.

मार्चमध्ये गुरुजींनी कळवले की कोपाने झाडे तोडली. तेव्हा रैनी माहेरी गेलेली होती. जूनच्या शेवटी गुरुजी पुन्हा त्या गावाला जाऊन आले. घरामागे मका पेरलेला होता. रैनी कापलेल्या खोडांचे सरपण रचत होती.