मागची उंची

ड्रायक्लीनरच्या दुकानात काचेआड एक शिलाई मशीन होतं आणि त्यामागे ताई बसायच्या. गिऱ्हाईकं त्यांना ताई म्हणत, मालकही ताईच म्हणे, त्यामुळे त्यांचं नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. काम एकच, कपडे आत घेणं नाहीतर सैल करणं. बायका येऊन सरळ सांगत, जाड झालेय, दोन बोटं सोडा. पुरुष जाड होत नसत. पुरुषांची पँट धुण्यात आटलेली असे. "हल्लीचं कापडच वाईट," असं म्हणत ताई शिवण उसवायला घेत.

घरच्या पुरुषावर तर त्यांनी एवढीही वेळ येऊ दिली नव्हती. अधूनमधून नवऱ्याच्या पँटी त्या गुपचूप दुकानात नेत आणि कंबर थोडी सोडत. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपीकामात माया म्हणतात. ती केव्हाच संपली होती. मग त्या मागे त्याच रंगाची पट्टी जोडत आणि इस्त्री करून पँट होती तिथे ठेवून देत. नवरा पाणीपट्टीच्या कचेरीत हेडक्लार्क होता. दिसेल त्याला तो सांगे, "लग्नातली पँट अजून होते मला."

याच नवऱ्याने निवृत्ती तोंडावर आली असताना एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोन सीटा, रंग लाल. गाडी इमारतीखाली उभी राहिली त्याच दिवशी ताईंनी विचारलं, "मी एक चक्कर मारू का?"

लग्नाआधी ताई वडिलांची मालाची गाडी भर बाजारातून काढत. लायसन्स त्यांनी कधी संपू दिलं नव्हतं, आणि संसारात आजवर त्यावर काय चालवलं असेल तर काही नाही.

"मारशील की," नवरा म्हणाला. "आधी मागची उंची जमू दे."

कारण गाडीचं बूड वर होतं. अशी गाडी कशी, दबा धरलेल्या मांजरासारखी बसलेली दिसायला हवी. ही दिसत होती पलंगाखाली चप्पल शोधणाऱ्या माणसासारखी. उपाय म्हटला तर सोपा. मागच्या प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगखाली आटे पाडलेली एक रिंग असते. आकडीच्या पान्याने ती फिरवली की गाडी वर-खाली होते. मग जॅक काढायचा, गाडी चार वेळा पुढे-मागे ढकलायची, म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी बसतात, आणि मग टेप लावायची. मात्र मोजताना ड्रायव्हरच्या जागी ड्रायव्हरचं वजन हवं. ड्रायव्हर स्वतः तर टेप घेऊन चाकापाशी उकिडवा. पहिल्या रविवारी सीटवर वाळूची पोती ठेवली, ती फुटली. दुसऱ्या रविवारी नवरा म्हणाला, "तू बस. आपलं वजन सारखंच की."

ताई दार उघडून आत बसल्या. खरं सांगायला गेलं तर सगळ्या पँटी काढाव्या लागल्या असत्या.

मग रविवारमागून रविवार ताई स्टिअरिंगमागे बसून राहिल्या. "हलू नकोस गं." "पुढे वाकू नकोस." "ती पर्स बाहेर ठेव, तिचं वजन धरलेलं नाही."

वरच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा पिशव्या घेऊन जाताना थांबल्या. "काय ताई, कुठे निघालात?"

"कुठे नाही. मी वजन आहे."

"ते घरात असावं हो. इथे काय उपयोग?"

अखेर चाक आणि वरची कमान यांत दोन्ही बाजूंना सारखं एक बोट अंतर राहिलं. नवरा लांब जाऊन, मान तिरकी करून गाडीकडे बघत राहिला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा त्याने ताईंकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. मग तो आत बसला, फाटकाशी गेला, गतिरोधकावर चढला, आणि मागून टायर असं काही किंचाळलं की वहिनी गॅलरीत आल्या.

कोपऱ्यावरचा अलाइनमेंटवाला हात पुसत आला. त्याने वाकून बघितलं. "लावताना आत कोण होतं?"

"ही."

"आणि चालवणार?"

"मी."

त्याने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "साहेब, ही ताईंच्या वजनावर बसलीय. तुम्ही आत गेलात की तुमच्या बाजूचा कोपरा दबतो आणि टायर कमानीला घासतं."

"कसं शक्य आहे? लग्नातली पँट होते मला. विचार हिला."

दोघेही ताईंकडे बघू लागले. खरं सांगायची याहून चांगली वेळ आली नसती. "होते," ताई म्हणाल्या. "मीच इस्त्री करते."

"असेल," अलाइनमेंटवाला म्हणाला. "मग दोनच मार्ग. मागून परत वर घ्या, पण आधी तुम्ही बसा आणि वजनकाट्यावर घेऊ. नाहीतर ताईंना चालवू दे. त्यांच्या मापाची आहे."

वर घ्यायची म्हणजे चप्पल शोधणं परत सुरू, आणि काट्यावर तो आकडा चारचौघांत. नवऱ्याने बराच वेळ विचार केला. मग एकदम सुचल्यासारखं म्हणाला, "तसंही, चालताना कशी दिसते ते मला बाहेरूनच बघायचं होतं. तूच चालव. कोपऱ्यावरून वळून ये. हळू."

ताईंनी आरसा स्वतःच्या डोळ्यांसमोर आणला. गाडी गतिरोधकावरून आवाज न करता उतरली. मात्र पुढे रस्त्यातला एकेक खडा मणक्यात मोजता येत होता, समोरच्या ट्रकचं फक्त पोट दिसत होतं, आणि पाय पसरून बसल्यामुळे आंघोळीच्या टबात बसून बाजाराला निघाल्यासारखं वाटत होतं. वडिलांची मालाची गाडी यापेक्षा लाख पटीने बरी होती. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट ही अशी निघाली. कोपरा आला. ताई वळल्या नाहीत.

त्या परतल्या तेव्हा नवरा फाटकातच उभा होता. एवढा वेळ कुठे होतीस, हे विचारण्याआधी त्याच्या तोंडून दुसरंच निघालं. "काय दिसत होती गं. अगदी बसलेली."

"मग आता त्या रिंगांना हात लावू नका," ताई कंबर धरून उतरत म्हणाल्या.

नवऱ्याने किल्लीसाठी हात पुढे केला. ताईंनी तो धरून स्वतःला सरळ केलं आणि जिना चढायला लागल्या. किल्ली त्यांच्या दुसऱ्या हातात होती.