पलटीबाई

पलटीबाईंचा राग आधी त्यांच्या कानांच्या पाळ्यांवर दिसायचा. त्या लाल झाल्या की वेंगुर्ल्याच्या आमच्या शाळेतला नववीचा वर्ग चिडीचूप. घातांक ऋण असला की अपूर्णांक उलटा करायचा, हे शिकवताना त्या "पलटी मार गो, पलटी!" म्हणून ओरडायच्या. नाव त्यावरूनच पडलं.

दोन तृतीयांशाचा उणे दोन घात मी एकदा फळ्यावर उणे चार नवमांश लिहिला. बाईंनी माझ्या हातातला खडू हिसकावून घेतला. चिडल्या की त्या मालवणीवर यायच्या. "मायनस खंय आसा? घातात. मगे उत्तराक कित्याक चिकटवलंस?" मग दोन घात, एक घात, शून्य घात असं करत, प्रत्येक पायरीला दोन तृतीयांशाने भागत त्या खाली उतरल्या आणि नऊ चतुर्थांशावर थांबल्या. "नियम पाठ करू नको. पायरी पायरीन उतरान बघ."

वार्षिक परीक्षेनंतर त्यांची आई आजारी पडली. बाई गावी गेल्या आणि गणिताचे पेपर हेडमास्तरांनी तपासले. त्यांचा विषय इतिहास. ऋण घाताच्या गणितांना त्यांनी ऋण उत्तरंच बरोबर धरली. बाईंचं ऐकून बरोबर उत्तर लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांचे गुण गेले. आमच्या वर्गातली शैला मात्र दोन गुणांनी नापास झाली. तिच्या वडिलांनी तिसऱ्याच दिवशी तिला काजूच्या कारखान्यात सोलायला बसवलं.

बाई परतल्या, पेपर बघितले आणि तशाच ऑफिसात शिरल्या. मी आणि वर्गातली एक मैत्रीण व्हरांड्यात होतो.

"निकाल लागलाय, बाई," हेडमास्तर म्हणाले. "दोन गुणांसाठी शाळेची शोभा करणार?"

"शोभा तुम्ही केलीत. तिचं उत्तर बरोबर आहे."

"तुम्ही हंगामी आहात, विसरू नका."

"हंगामी मी आसंय, गणित न्हय!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शिपाई धावत आला.

गुण वाढवले गेले, गुपचूप. बाई स्वतः कारखान्यात गेल्या आणि काजूच्या चिकाने काळे झालेले शैलाचे हात धरून तिला घरी घेऊन आल्या. शैला दहावीत बसली. बाईंना मात्र जूनमध्ये परत घेतलं नाही. कारण लिहिलं होतं, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. साक्षीदार आम्ही दोघी. हेडमास्तरांनी विचारलं, "बाई माझ्यावर ओरडल्या ना?" आम्ही माना डोलावल्या.

एसटी स्टँडवर बाईंना सोडायला गेले तेव्हा मी रडत रडत हे सांगितलं.

"तू खोटा सांगलंस?"

"नाही बाई."

"मगे रडतंस कित्याक? ओरडलंयच मी." त्यांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पण कित्याक ओरडलंय, ता कोणी सांगल्यान?"

बस सुटायला अजून पाच मिनिटं होती. मी खाली बघत उभी राहिले. हेडमास्तरांचा राग मला आजही येतो. त्या पाच मिनिटांचा त्याहून जास्त.