छातीतलं इंजिन

सकाळपासून गोंधळले आहे. तुम्हीच सांगा.

मांडवीतले आमचे शेजारी पांडूकाका मासेमारी करतात. त्यांच्या हृदयाचे ठोके फार मंद झाले आहेत. डॉक्टर पेसमेकर बसवायला सांगतात. "परकी वस्तू कायमची अंगात नको," हे काकांचं एकच म्हणणं. आज काकूंनी त्यांना समजावायला मला बोलावलं.

मी म्हटलं, "काका, वारा पडला की होडीचं इंजिन चालू करता ना? तसंच हे. ठोके मंदावले की आपोआप चालू होतं."

काका तयार झाले. "असं साधं सांगायचं ना, बाय. तो डॉक्टर उगाच विंग्रजी फाडतो."

मला बरं वाटलं. मग ते काकूंना म्हणाले, "पावसाळ्यात इंजिन उतरवून घरात ठेवतो, तसं हे पण काढतील. तेवढाच छातीला आराम."

मी तोंड उघडलं. काकूंनी मागून माझा हात घट्ट धरला.

ऑपरेशन उद्या आहे. खरं सांगितलं तर काका नाही म्हणतील. न सांगता मिळालेला होकार त्यांचा म्हणायचा का? तुम्ही असता तर आज संध्याकाळी त्यांच्याकडे गेला असता?