दांड्यावरचा हात

नाव : शिवयोगी मल्लप्पा हत्तुरे. वय : एकाहत्तर. हुद्दा : मानद पाणी निरीक्षक, आमची सोसायटी, सोलापूर. निवड : बिनविरोध, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. अधिकार : गच्चीवरच्या टाकीची देखरेख, नळांची पाहणी आणि पाणी सांडणाऱ्यांना जिन्यात गाठून समज देणे.

सोलापुरात पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा घरातलं भांडं न् भांडं भरून घ्यायचं. म्हणून राजेश्वरीताईंनी नातवाचं बारसं ठरवताना आधी शिवयोगीकाकांना विचारलं, मग मुहूर्तासाठी स्वामींना. पाण्याची जबाबदारी माझी, असं काका म्हणाले. आदल्या दिवशी पाणी आलं, टाकी काठोकाठ भरली, आणि काका शेवटच्या पाहणीला ताईंच्या घरी गेले. नळ तपासले. मग संडासातल्या फ्लशचा दांडा दाबून पाहिला.

सुटलेलं पाणी थांबेना.

फ्लशच्या व्हॉल्व्हमध्ये रबरी पडदा असतो, त्याला सुईएवढं भोक. त्या भोकातून पडद्यामागे पाणी साचतं आणि त्याच्या दाबानं पडदा बसून वाट बंद होते. दांडा दाबला की मागचं पाणी निसटतं, पडदा उचलला जातो. सोडला की पुन्हा पाणी साचून आपसूक बसतो. ह्या भोकात गाळ होता, त्यामुळे साचायला वेळ लागत होता. बंद करायला म्हणून काकांनी दांडा पुन्हा दाबला. थोडंफार साचलेलं निसटलं. त्यांनी परत दाबला.

"काका, सोडा की ते जरा," ताई म्हणाल्या.

"कसं सोडू? पाणी चाललंय की."

गच्चीवरचा कॉक फिरवायला माणूस धावला. कॉक गंजून बसला होता. त्याला कोणी हात लावू नये अशी पाटी काकांनीच लावली होती. बादली धरावी, तर हे पाणी धरण्यातलं नव्हतं. काका दांडा दाबत राहिले. शेवटी पाइपात नुसती हवा घुरघुरली.

संध्याकाळी प्लंबर धुळाप्पानं टाचणीनं भोक मोकळं केलं. मी काय करायला हवं होतं, असं काकांनी विचारलं.

"काय न्हाय. नुसतं हुबं ऱ्हायचं. आपोआप बंद हुतंय त्ये."

काका म्हणाले, "ते मला जमलं नसतं."

लग्नसराईत टँकर मिळाला नाही. बारसं मैंदर्गीला, ताईंच्या भावाकडे झालं. काकांना बोलावणं होतं. ते गेले नाहीत.

पाणी निरीक्षकांच्या स्वतःच्या घरी फ्लश नाही. बादली आहे.