कोयताकाकींचं कुंपण

नर्सरीत गेल्या की काकी झाड आधी मुठीत आवळून बघायच्या. हाताला रक्त आलं नाही, तर झाड परत. मालाडच्या नर्सरीतला माणूस त्यांना लांबून पाहिलं की हातातली पाण्याची नळी टाकून मागच्या बाजूला सटकायचा. "काकी, लोक शोभेसाठी झाडं नेतात हो," असं तो एकदा धीर करून म्हणाला. "शोभा काय चाटूची हा?" काकी कडाडल्या. "चावणारा झाड दाखव." चारकोपच्या आमच्या गल्लीत त्यांना पाठीमागे सगळे कोयताकाकी म्हणत. तोंडावर नुसतं काकी म्हणतानाही लोक जरा अंतर राखून उभे राहत.

आमची घरं बैठी, एकाला एक चिकटलेली. पुढे दोन खाटा मावतील एवढं अंगण, मग गटार आणि मग थेट रस्ता. गटाराच्या कामात काकींच्या अंगणाची भिंत पाडली गेली, गटारावर नंतर लाद्या पडल्या, पण भिंत पुन्हा कुणी बांधून दिली नाही. त्याच सुमारास अण्णांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, विसरणं वाढलं. गिरणी कधीच बंद पडली होती, पण अण्णा पाळीवर जायचं म्हणून उठायचे आणि सरळ रस्त्यात शिरायचे. एकदा टँकर अंगावर येत असताना काकींनी त्यांना मागून असं खेचलं की सदरा फाटून काकींच्या हातात राहिला आणि अण्णा गटारात. मग पत्रे ठोकून पाहिले. अण्णा आतून पत्रे बडवायचे, मला कोंडून मारतात म्हणून किंचाळायचे, हातांची सालटी निघाली तरी थांबायचे नाहीत. काकींनीच ते पत्रे उपटून रस्त्यावर भिरकावले. झाडांपुढे मात्र अण्णा शांत बसत. म्हणून येण्याजाण्याला कुलपाचं फाटक ठेवून बाकी कुंपण झाडांचंच हवं होतं, आणि ते असं हवं होतं की त्यातून अण्णा बाहेर जाता कामा नयेत.

आधी मेंदी लावली. पार्सलवाल्या पोरांनी वळसा टाळायला तिच्यातूनच वाट पाडली. मग मी सुचवलं म्हणून बोगनवेल आली. काटे होते, पण वेल सगळी वरच्या वर पसरली आणि बुडाशी उघडी राहिली. "खालसून कुत्रो जाता, म्हणजे अण्णापण जातले," म्हणून काकींनी ती मुळासकट उपटली. शेराच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर अण्णांचे डोळे जातील, म्हणून शेर बाद. शेवटी त्या कोकणात गावी गेल्या आणि गोणपाटात गुंडाळून करवंदीची रोपं घेऊन आल्या. "आमच्याकडे करवंदीच्या जाळीतून बैल जाईत नाय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "काकी, अण्णांना काटे लागतील ना." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दोन पावलं मागे सरले. "लागूदेत. एकदा लागलो की परत जावचे नाय. काटो टँकरापेक्षा बरो."

करवंदीवर त्यांनी माया केली ती मारून. रोप गुडघ्यापर्यंत आलं की कोयत्याच्या एका फटक्यात निम्मं करायच्या. मला ते बघवायचं नाही. "वर वाढूची मस्ती जिरवल्याशिवाय झाड बुडाक भरणा नाय गो," असं त्या घाम पुसत सांगायच्या. आणि खरंच, मार खाऊन खाऊन ती जाळी जमिनीपासून अशी भरली की मांजरही वळसा घालून जाऊ लागलं.

माणसांच्या बाबतीतही त्यांची पद्धत वेगळी नव्हती. एका टेम्पोवाल्याने कोवळ्या रोपांवर चाक चढवलं, तेव्हा काकींनी कोयत्याच्या मुठीने त्याचा आरसा फोडला आणि वर त्यालाच काचा गोळा करायला लावल्या. कुंपणाशी लघवीला उभ्या राहिलेल्या एका दारुड्याच्या त्यांनी चपलेने असं थोबाडीत मारलं की त्याच्या ओठातून रक्ताची धार लागली. "मेल्या, आत माझो माणूस बसता!" एवढंच त्या ओरडत होत्या. आयुष्यभर त्यांनी प्रसूतिगृहात आयाचं काम केलेलं. रक्ताचं त्यांना काही वाटत नसे.

पण त्याच हातांनी त्या अण्णांची नखं कापताना मी पाहिलं आहे. एकेक बोट धरून, फुंकर घालून. अण्णा भडकले की ताट फेकायचे, काकींच्या दंडाला चावायचे. काकींनी त्यांच्यावर कधी आवाजही चढवला नाही. दंडावरचे दातांचे वण झाकायला त्या उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालायच्या. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्यावर माझा जीवही होता.

तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात करवंदीला पहिल्यांदा फळ धरलं. काकी हरखून गेल्या. वाटीभर काळी करवंदं त्यांनी तोडली आणि अण्णांना स्वतःच्या हाताने भरवली. अण्णांनी डोळे मिटले. किती तरी दिवसांनी ते हसले. "चव लक्षात आसा बघ ह्यांच्या," काकी मला सांगत होत्या. जाळीतून बैल जात नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण करवंदं पिकली की कोकणातलं पोर त्याच जाळीत शिरतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

नंतरच्या रविवारी भरदुपारी रस्त्यावर ब्रेक किंचाळले. मी बाहेर धावले. रस्त्याच्या बाजूला ऊन जास्त, तिकडची करवंदं जास्त पिकलेली. ती तोडत तोडत अण्णा आतून जाळीत शिरून, काट्यांनी ओरबाडून घेत, पार पलीकडे निघाले होते. कपाळ फाटलं होतं, कान लोंबत होता, सदरा रक्ताने अंगाला चिकटला होता. त्यांना चुकवताना एक बाइकवाला आडवा पडला होता. लोकांनी रक्तबंबाळ म्हातारा पाहिला, पडलेली बाइक पाहिली आणि त्या पोराला तुडवायला सुरुवात केली. हेल्मेटनेच त्याच्या तोंडावर मारत होते. "मैंने नहीं मारा, मैंने नहीं मारा," म्हणून तो रडत होता.

तेवढ्यात काकी कोयता घेऊन आल्या. माणसं फाकली. पोराने हात जोडले. मला वाटलं, आज खून होतो.

"सोडा त्येका!" काकी ओरडल्या. "त्येना नाय, मीच मारलंय ह्यांका!"

अण्णा जाग्यावरच उभे होते. रक्ताने भरलेली मूठ त्यांनी काकींपुढे उघडली. "आये, बघ," ते म्हणाले, "किती गावली."

काकींनी ती करवंदं पदरात घेतली. दवाखान्यातून टाके घालून आणलं, अण्णांना आत निजवलं, आणि मग कोयता घेऊन त्या कुंपणावर तुटून पडल्या. फांद्या तोडत होत्या, मुळांवर घाव घालत होत्या, काटे कोपरापर्यंत घुसत होते आणि त्या थांबत नव्हत्या. मी मागून कमरेला धरलं, तर मला झटकून दिलं. आत अण्णा हंबरडा फोडत होते, "आये, माझी करवंदा नको गो तोडू!" संध्याकाळपर्यंत तिथे उघडी माती राहिली.

अण्णांच्या जखमा भरल्या, पण ते पुन्हा उठले नाहीत. पावसाळ्यात अंथरुणातच गेले. मी काकींना म्हटलं, आता कामिनी लावू या, पांढरी फुलं येतात, बिनकाट्याची असते. पण त्यांनी तिथे काहीच लावलं नाही.

परवा एका पोराने त्या उघड्या जागेवर, थेट अंगणात, बाइक आणून लावली. माझं डोकं फिरलं. मी चप्पल काढून धावले, तोंडाला येईल ते बोलले. काकी दारात उभ्या होत्या.

"लावूदे गो," त्या म्हणाल्या. "आता आतसून भायर जाणारा कोण नाय."

मी हातात चप्पल घेऊन तिथेच रडायला लागले, आणि तो पोरगा घाबरून गाडी घेऊन गेला.