अनुभव नसला तरी चालतो

रत्नागिरीच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे कॉलेजातला एक मुलगा आठवडाभर रोज यायचा, एकाच फॉर्मसाठी. आफ्रिकेतल्या कुठल्याशा खेड्यात महिनाभर शाळा बांधायला निघाला होता, सेवा म्हणून, बापाच्या पैशांनी. बोलताना सारखे केस सावरायचा. फॉर्मवर स्वतःचा फोटो त्याला सरळ चिकटवता येईना, शेवटी मीच चिकटवून दिला.

"कामाचा अनुभव काय लिहू?" त्याचा फॉर्म भरता भरता मी विचारलं.

तो हसला. "नसला तरी चालतो, चाचा. गरीब गाव आहे ते."

मी मस्कतला गवंडी होतो. जाण्याआधी एजंटाने मुंबईत माझ्याकडून भिंत बांधून घेतली. ओळंबा सोडला तर ती अर्धं बोट कललेली निघाली. तेवढ्यावर मला सावर्ड्याला घरी परत पाठवलं. सहा महिने गावात हात बसवला, पुन्हा जाऊन बांधली, तेव्हा कुठे व्हिसा मिळाला.

आणि परीक्षेच्या त्या भिंती संध्याकाळी पाडूनच टाकायचे. याच्या भिंतीला टेकून पोरं बसणार आहेत.