चहासाठी सोडलेली कॅरॅव्हॅन

माझ्या वजनाचा अंदाज घराबाहेरच्या एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस म्हणजे ह्यांचा साहेब.

आम्ही ओमानमध्ये सीबला राहायचो. साहेब ओमानी, मनाने मोठा. गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीसाठी त्याने आपली कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडायची चाकांवरची खोली, आम्हाला दिली आणि गुरुवारी पाच वाजता इब्रा गावाबाहेर, मुक्कामावरच चहाला येतो म्हणाला. ह्यांचा नोकरीचा करार त्याच महिन्यात वाढायचा होता. त्यामुळे कॅरॅव्हॅनला ओरखडा आणि चहाला उशीर, दोन्ही परवडणार नव्हतं.

हे इंजिनिअर. त्यांनी यादी लिहून आतल्या फ्रिजवर चिकटवली: १. चाकांखाली दगड. २. कॅरॅव्हॅनचे मागचे लोखंडी पाय जमिनीवर टेकवणे. ३. मोटारीपासून सोडणे.

मी संसार लावला. ओटा मागच्या टोकाला, म्हणून तांदूळ, कणीक, पाण्याचे कॅन, दोन कुकर आणि पाटा-वरवंटाही मागेच. (मिक्सरची चटणी मला चालत नाही.)

इब्राबाहेर बाभळीखाली थांबलो तेव्हा पावणेपाच झाले होते. चहा-साखर मोटारीच्या डिकीत, आणि कॅरॅव्हॅन जोडलेली असली की डिकी उघडत नाही, हे तिथे कळलं.

"आधी सोडा," मी म्हटलं.

"आधी मागचे पाय."

"पायांना चहा प्यायचाय का?"

मी आत पाणी ठेवायला गेले. ह्यांनी निमूटपणे हूक सोडला.

पातेलं माझ्या अंगावर आलं. पुढच्या खिडकीतली बाभळ गेली आणि आकाश आलं. बाहेरून आमची दहा वर्षांची लेक आपल्या इंग्रजी शाळेच्या मराठीत म्हणाली, "बाबा, आई खाली गेली आणि घर वर गेला."

मी पुढे सरकणार, तोच हे ओरडले, "हलू नकोस! दांडा मोटारीच्या बंपरवर आपटेल!" ते कॅरॅव्हॅनच्या पुढच्या, हूकच्या दांड्याला लोंबकळत होते. (वजन पंचावन्न किलो, तेही जेवल्यावर.) दांडा ढिम्म. मी पाट्याला धरून बसून राहिले.

साहेब पाचला पोचला. काही न विचारता पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशासकट दांड्यावर बसला, तेव्हा कुठे घर अलगद जमिनीवर आलं. मग त्याने विचारलं, "अंदर कितना आदमी है?"

"एक ही, साहेब," हे म्हणाले. "मेरी मिसेस."

साहेब दांड्यावर आणखी घट्ट बसला.

करार वाढला. पुढच्या हिवाळ्यात कॅरॅव्हॅनही पुन्हा मिळाली. फ्रिजवर ह्यांचीच यादी होती. फक्त एकच्या वर साहेबाने आपल्या हाताने शून्य क्रमांक घातला होता: मॅडमना खाली उतरवणे.

पाट्याचा कुठे उल्लेखही नव्हता. त्याचे बारा किलो माझ्याच नावावर गेले.